सोडून जाता येईल अशी जागा

होस्टिंग कुणाचं घ्यावं, असं एखादा दुकानदार विचारतो तेव्हा मी आधी विचारतो, डोमेन कुणाच्या नावावर आहे? बहुतेकांना ते ठाऊक नसतं. साइट करून देणाऱ्या मुलाने स्वतःच्याच ईमेलवरून डोमेन घेतलेलं असतं. पुढे तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी जातो आणि नूतनीकरणाच्या आठवणी त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहतात. मुदत टळली की साइट बंद, दुकानाची मेलही बंद. रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने, डॉट कॉम नाव काढून टाकलं, तरी ३० दिवस जादा पैसे भरून ते सोडवता येतं. त्यानंतर आणखी ५ दिवस गेले की ते कुणीही घ्यावं. पाटीवर, पावतीवर, खोक्यावर छापलेलं नाव असं हातचं जातं. म्हणून डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्या फोन नंबरावर आणि शक्यतो होस्टिंगवाल्याकडे न ठेवता वेगळ्या रजिस्ट्रारकडे.

होस्टिंग बघायला गेलो की मी पहिल्यांदा बाहेर पडायचा दरवाजा बघतो. सगळ्या फायली आणि डेटाबेस स्वतःला उतरवून घेता येतो का? त्यांच्याच ‘वेबसाइट बिल्डर’मध्ये उभारलेली साइट बहुधा दुसरीकडे नेता येत नाही, सगळं पुन्हा करावं लागतं. पहिल्या वर्षाचा भाव ठळक अक्षरांत असतो. नूतनीकरणाचा, बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट, शोधून काढावा लागतो. तीन वर्षांचे एकदम भरा, स्वस्त पडेल, असं सांगतात. नव्या माणसाने एकाच वर्षाचे भरावेत. थोडे जास्त जातात, पण मोकळीक राहते, आणि छोट्या धंद्याला ती मोकळीक फार मोलाची असते.

‘अनलिमिटेड’ प्लॅनचा मला मनापासून राग आहे. डोंबिवलीच्या एक काकू फराळाचा व्यवसाय करतात. त्यांच्या साइटवर वर्षभर तुरळक वर्दळ आणि दसऱ्यापासून झुंबड. न्यू जर्सीतली मंडळी जेवणं आटोपून ऑर्डरी टाकतात, तेव्हा इथे सकाळ असते. जागा अनलिमिटेड, बँडविड्थ अनलिमिटेड, तरी ऐन गर्दीत गिऱ्हाइकाला दिसायचा ५०८ क्रमांकाचा एरर. पॅनल उघडलं तर ‘एंट्री प्रोसेसेस’समोर, म्हणजे एकाच वेळी हाताळता येणाऱ्या विनंत्यांसमोर, २० पैकी २०, लाल रंगात. चकल्या-अनारशांची पानं कॅशमधून देता येतात, त्यांचा भार पडत नाही. पण कार्ट आणि पैसे भरायचं पान प्रत्येकासाठी नव्याने बनतं. पीएचपी चालते, डेटाबेसला विचारणा होते. म्हणजे नुसतं बघायला आलेल्याला साइट दिसते आणि पैसे द्यायला तयार असलेला परत जातो.

दुसरी मर्यादा आयनोडची, म्हणजे फायलींच्या संख्येची. ईमेल त्याच होस्टिंगवर असेल तर येणारी प्रत्येक मेल ही एक फाइल. वर्षानुवर्षांच्या जाहिरातींनीच कोटा भरतो आणि नव्या ऑर्डरची मेल आत येत नाही. जागा मात्र रिकामी दिसत राहते, त्यामुळे बिचाऱ्या मालकाला कारण सापडत नाही. मेल वेगळीकडे ठेवावी, असं मी आता आग्रहाने सांगतो.

पैसे भरण्याआधी रात्री अकराच्या सुमाराला त्यांच्या चॅटवर एवढंच विचारावं: या प्लॅनमध्ये एंट्री प्रोसेस किती, आयनोड किती आणि सर्व्हर कुठल्या शहरात? आकडे मिळाले तर पुढे बोलावं. कंपनीचं ऑफिस मुंबईत आणि सर्व्हर अमेरिकेत, असंही असतं. ‘९९.९ टक्के अपटाइम’च्या हमीने भारावून जाऊ नये. त्या हिशेबातही साइट वर्षाला पावणेनऊ तास बंद राहू शकते, आणि भरपाई मिळते ती होस्टिंगच्या भाड्यातली, बुडालेल्या ऑर्डरींची नव्हे.

बॅकअपबद्दल बोलताना मी स्ट्रासबुर्गचं उदाहरण देतो. १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या फ्रेंच कंपनीच्या तिथल्या डेटा सेंटरला आग लागली आणि एसबीजी-२ ही पाच मजली इमारत जळून गेली. माणसं वाचली, पण ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशा काहींचा डेटा कायमचा गेला. होस्टिंगवाल्याचा बॅकअप असू द्यावा, पण एक प्रत आपल्या ताब्यात हवीच. शिवाय ती प्रत दुसऱ्या कंपनीकडे उभी करून बघावी. साइट तिथे उघडली, एक खोटी ऑर्डर पार पडली, तरच तो बॅकअप. आणि आपण इथून निघू शकतो, हेही त्याच वेळी कळतं.

काकूंच्या साइटचं स्थलांतर पितृपक्षात करावं असं मी सुचवलं, कारण तेव्हा त्यांच्याकडे ऑर्डरी सगळ्यात कमी. पंधरवड्यात नवं काही नको, असं त्या म्हणाल्या. मग साइटची प्रत पितृपक्षात नव्या जागी चढवून तपासून घेतली. डीएनएस रजिस्ट्रारकडेच होतं, त्यामुळे टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ धरून ठेवायचा तो काळ, आधीच पाच मिनिटांवर आणून ठेवता आला. घटस्थापनेला जुन्या साइटवर ऑर्डर घेणं थांबवलं, त्या दिवसापर्यंतचा डेटाबेस नव्या जागी नेला आणि डोमेनला सर्व्हरचा पत्ता सांगणारं ए रेकॉर्ड बदललं. जुन्या होस्टिंगचे पैसे कोजागिरीपर्यंत भरलेले होते, ते तसेच चालू दिले. काही मेल अजून तिथेच पडत होत्या, आणि त्यातली एक दुबईहून आलेली चौकशी होती.