पाहणे आणि वागणे यांमधले अंतर

मुलांवर चित्रपटाचा काय परिणाम होतो, हा प्रश्न जवळजवळ चित्रपटाइतकाच जुना आहे आणि तो बहुतेक वेळा एकाच रीतीने विचारला गेला आहे : पडद्यावर जे दिसते ते पाहून मूल तसेच वागू लागेल काय? दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला आणि अवघ्या पाच वर्षांत, १९१८ साली, चित्रपट लोकांसमोर येण्याआधी तपासण्याचा कायदा भारतात आला. अमेरिकेत १९२९पासून ‘पेन फंड’ या निधीच्या मदतीने चित्रपट आणि मुले यांविषयीचे पहिले मोठे अभ्यास झाले व ते १९३३च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एका अभ्यासात हर्बर्ट ब्लूमर या समाजशास्त्रज्ञाने तरुणांकडून त्यांच्या चित्रपट पाहण्याच्या आठवणी लिहून घेतल्या, तेव्हा त्यांत गुन्ह्यांच्या अनुकरणापेक्षा कितीतरी अधिक जागा खेळांनी, केशरचनेने, प्रेम व्यक्त करण्याच्या पद्धतींनी, भीतीने आणि दिवास्वप्नांनी व्यापलेली आढळली. वडीलधाऱ्यांची चिंता कृतीभोवती फिरत होती आणि मुले मात्र आपण कसे दिसावे, कशाची इच्छा धरावी आणि कोणाला भ्यावे हे चित्रपटातून उचलत होती.

हे उचलणे नेमके कसे घडते यावर सर्वाधिक प्रकाश टाकला तो अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बालवाडीच्या मुलांसमोर एक प्रौढ व्यक्ती ‘बोबो’ नावाच्या फुगवलेल्या बाहुलीला मारझोड करते आणि नंतर मुलांना त्याच बाहुलीपाशी सोडले जाते, असा १९६१चा त्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. १९६३मध्ये त्याने हीच मारझोड चित्रफितीतून दाखवली, तरीही मुलांनी ती गिरवली. दुसऱ्याचे वागणे नुसते पाहून शिकण्याच्या या प्रक्रियेला ‘निरीक्षणातून होणारे शिक्षण’ म्हणतात. तथापि या मालिकेतील १९६५चा प्रयोग, ज्याचा उल्लेख सार्वजनिक चर्चेत क्वचितच होतो, तो अधिक विचार करायला लावणारा आहे. त्यात काही मुलांना मारझोड करणाऱ्याला बक्षीस मिळालेले दाखवले, काहींना शिक्षा झालेली दाखवली आणि काहींना दोन्हींपैकी काहीच दाखवले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. परंतु जे पाहिले ते करून दाखवल्यास खाऊ मिळेल असे सर्वांना सांगितल्यावर तिन्ही गटांमधला फरक जवळपास नाहीसा झाला. याचा अर्थ असा, की शिक्षा पाहून मुलाचा हात थांबतो, पण त्याच्या मनात जे जाऊन बसले ते पुसले जात नाही, आणि पुढे कधी अनुकूल परिस्थिती लाभली तर ते बाहेर येऊ शकते.

शिकणे आणि वागणे यांमधल्या या अंतराकडे लोकप्रिय चित्रपटाने आणि त्याच्या नियंत्रकांनी सहसा दुर्लक्ष केले आहे. शेवटी खलनायकाला शासन झाले, बिघडलेल्याला पश्चात्ताप झाला आणि पोलीस वेळेवर पोहोचले, की त्याआधीच्या अडीच तासांत काय दाखवले याचा हिशेब चुकता झाला, अशी समजूत अनेक दशके रूढ होती. वास्तविक ज्या दृश्यांवर कॅमेरा रेंगाळला, ज्यांना संगीताची साथ मिळाली आणि ज्यांवर प्रेक्षागृहात शिट्ट्या पडल्या, ती दृश्ये मुलाने केव्हाच आत्मसात केलेली असतात आणि अखेरच्या पाच मिनिटांतला उपदेश त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

मात्र पडदा मुलाला सर्व वयांत एकाच प्रकारे शिकवत नाही. लहान मुलाच्या बाबतीत प्रश्न वास्तव आणि कल्पित यांच्या सीमेचा असतो. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही मालिका सुरू झाल्यानंतर, आपल्याला वाचवायला शक्तिमान येईल या विश्वासाने मुले स्वतःला धोक्यात घालत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. शक्तिमानची भूमिका करणारे मुकेश खन्ना यांनी मालिकेतूनच मुलांना असे साहस न करण्याविषयी बजावले आणि ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ या जोडभागात चांगल्या सवयींविषयी मुलांशी थेट बोलण्याचा प्रघात पडला. ज्या पात्रावर मुलांचा विश्वास होता, त्याच पात्राच्या तोंडून सीमा आखली गेली, ही या प्रसंगातली महत्त्वाची बाब आहे, कारण मूल ज्याच्यावर प्रेम करते त्याच्याकडूनच खरे-खोटे समजून घ्यायला तयार असते.

किशोरवयात सीमेचा हा गोंधळ उरत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला नायक दोरीला बांधून उडवतात हे पक्के ठाऊक असते; परंतु माणसामाणसांतले संबंध कसे असतात, याविषयी त्याच्याकडे स्वतःचा अनुभव फार थोडा असतो आणि ती रिकामी जागा पडदा भरून काढतो. जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने मांडलेला ‘मशागत सिद्धान्त’ येथे उपयोगी पडतो. एखादे दृश्य एकदा पाहून माणूस बदलत नाही, पण तोच आकृतिबंध वर्षानुवर्षे पाहत राहिल्यास जग असेच असते अशी त्याची धारणा बनते, असे हा सिद्धान्त सांगतो. नकार देणाऱ्या मुलीचा पाठलाग करत राहिले की ती अखेरीस होकार देते, हा हिंदी आणि मराठी लोकप्रिय चित्रपटांतला जुना आकृतिबंध या दृष्टीने पाहिला पाहिजे. तो पाहणारी बहुसंख्य मुले कोणाचा पाठलाग करत नाहीत, म्हणून परिणाम झालाच नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कारण नकाराला अर्थ नसतो ही धारणा मुलाच्या मनात रुजते तशी मुलीच्याही मनात रुजते, आणि आपल्या नकाराचे वजन किती धरावे हे तिलाही उमगेनासे होते.

याच कसोटीवर नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’कडे पाहता येते. २०१६ साली हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा शाळकरी वयातल्या मुलांना तो पळून जायला शिकवतो, असा आक्षेप घेतला गेला. प्रत्यक्षात त्याचा पूर्वार्ध लोकप्रिय चित्रपटाची सारी मोहिनी वापरतो, उत्तरार्ध संसाराची ओढाताण दाखवतो आणि शेवट जातीच्या अहंकारातून होणाऱ्या हत्येपाशी प्रेक्षकाला संगीताविना सोडून देतो. त्यातले ‘झिंगाट’ हे गाणे गावोगावच्या वरातींत वाजले. त्या शेवटाविषयी किती घरांत आणि किती वर्गांत मुलांशी बोलणे झाले, हा प्रश्न मात्र कोणी गांभीर्याने विचारला नाही. कलाकृतीने आपले काम चोख केले असतानाही तिचा अर्धाच भाग मुलांपर्यंत पोहोचणे शक्य असते, आणि तेव्हा उणीव चित्रपटात नसून त्याच्या भोवतीच्या मौनात असते.

जे दाखवले जाते त्याइतकाच परिणाम जे दाखवले जात नाही त्याचाही होतो. एखादा समाजघटक पडद्यावर सतत अनुपस्थित ठेवला जातो किंवा केवळ हास्यास्पद रूपात आणला जातो, तेव्हा त्याचे अस्तित्वच नगण्य ठरते, याला माध्यमांचे अभ्यासक ‘प्रतीकात्मक उच्छेद’ म्हणतात. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’मधला जब्या हा गावकुसाबाहेरचा मुलगा सुंदर दिसण्याच्या, जीन्स घालण्याच्या आणि वर्गातल्या शालूच्या नजरेत भरण्याच्या स्वप्नात जगतो. या स्वप्नाची मापे त्याच्या घरात तयार झालेली नाहीत, ती त्याला नाकारणाऱ्या जगाकडून आलेली आहेत. या भूमिकेसाठी सोमनाथ अवघडे या मुलाला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. असा चेहरा कथेच्या मध्यभागी येतो, तेव्हा त्याच्यासारख्या असंख्य मुलांना आपले जगणे सांगण्याजोगे आहे हे प्रथमच कळते, आणि इतर मुलांना आपल्या बाकावर शेजारी बसणाऱ्याकडे नव्याने पाहावे लागते. लोकप्रिय माध्यमाची ही शक्ती त्याच्या हानीइतकीच खरी आहे. केवळ हानीची यादी करणारे ती गमावून बसतात.

आता पडदा हातात आला आहे आणि जुनी कुंपणे अपुरी पडू लागली आहेत. २०२३च्या कायदादुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन वयोगट केले, ही समजूतदार सुधारणा आहे. पण प्रमाणपत्राची सत्ता प्रामुख्याने चित्रपटगृहाच्या दाराशी चालते, आणि मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींना असे दारच नसते. तेथे कोणती चित्रफीत किती वेळ पाहिली गेली याची नोंद घेऊन त्याच वळणाची पुढची चित्रफीत समोर आणणारी यंत्रणा असते, त्यामुळे गर्बनरने ज्या पुनरावृत्तीचा विचार वर्षांच्या हिशेबात केला ती एका दुपारीत घडते. शिवाय बांडुराच्या प्रयोगातले बक्षीस येथे प्रत्येक चित्रफितीखाली पसंतीच्या आकड्याच्या रूपाने उघड मांडलेले असते, आणि पाहणारे मूल पुढच्याच क्षणी कॅमेऱ्यासमोर उभे राहून ते स्वतः मिळवू शकते. शिकणे आणि वागणे यांमध्ये पूर्वी जो अवकाश होता, ज्यात घरातले, शेजारपाजारचे किंवा शाळेतले कोणी काही बोलू शकत असे, तो अवकाशच आक्रसत चालला आहे.

म्हणून बंदी आणि मोकळीक यांपैकी एकाची निवड करणे म्हणजे प्रश्न सोडवणे नव्हे. फार लहान वयात पडदा मर्यादित असलाच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाची कमाल मर्यादा सुचवली, ती रास्त आहे. परंतु किशोरवयीन मुलाला हवे असते ते पाहिलेल्याची चिकित्सा करण्याचे शिक्षण. हे दृश्य असे का घेतले, येथे संगीत का वाजले, ही मुलगी काहीच का बोलत नाही, हा माणूस कथेत केवळ हसण्यापुरता का आहे, असे प्रश्न विचारायला शिकलेले मूल तीच कलाकृती आनंदाने पाहते आणि तिच्या स्वाधीनही होत नाही. या विद्येची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. पुण्यात १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या आधाराने चित्रपट रसास्वादाचे अभ्यासवर्ग वाढले, आणि मुंबईतील ‘प्रभात चित्र मंडळा’सारख्या संस्थांनी जाणता प्रेक्षक घडवला. ही विद्या आजवर मुख्यतः प्रौढ रसिकांपुरती राहिली. मराठीच्या तासाला कवितेचे रसग्रहण शिकवणाऱ्या शाळांनी आठवीपासून चित्रपटाचे आणि चित्रफितीचे रसग्रहणही शिकवायला हवे, आणि घरातल्या मोठ्यांनी मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेण्याआधी काही वेळ त्याच्या शेजारी बसून तो काय पाहतो आहे हे समजून घ्यायला हवे. पाहणे आणि वागणे यांमधले अंतर टिकवून धरणे ही मोठ्यांची जबाबदारी आहे; ती त्यांनी टाळली, तर मुले शिकायची थांबणार नाहीत, त्यांच्या शिक्षणात मोठ्यांचा वाटा तेवढा उरणार नाही.