पतंग आणि अब्बांचा हिशेब

अब्बांनी हयातभर एकाच चिन्हाला मत दिले. कारण विचारले की म्हणत, "बेटा, वोट बटे तो अपनाच आदमी गिरता." २०१४ साली औरंगाबाद मध्यमधून इम्तियाज जलील विधानसभेला उभे राहिले, तेव्हाही घरात हेच ऐकू आले. टीव्हीवर बातम्या देणारा माणूस, त्यात पक्ष हैदराबादचा आणि चिन्ह पतंग! आमच्या स्टाफरूममध्येही चहाबरोबर थट्टाच चाले. आम्ही मात्र पतंगालाच मत दिले आणि घरी सांगितले नाही.

सुमारे वीस हजारांनी ते निवडून आले. गल्लीत फटाके वाजत होते आणि अब्बा वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन आकडे मांडत होते. त्या वर्षी सेना-भाजपची युती तुटली होती. सेनेचे जैस्वाल आणि भाजपचे तनवाणी यांच्या मतांची बेरीज जलील यांच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त भरत होती. "देखा? इस बार उनके बटे," एवढेच ते बोलले. हिशेब चुकीचा नव्हता. पण त्या दिवशी आम्हांला तो नको होता. वर्गातल्या एका पोराने निबंधात 'मी पत्रकार होणार' असे लिहिले होते. एरवी सगळे डॉक्टर, नाहीतर थेट सौदी.

२०१९ ला जलील खासदार झाले. २०२४ ला लोकसभा गेली, आणि विधानसभेला औरंगाबाद पूर्वमध्ये ते २,१६१ मतांनी पडले. तोवर अब्बा राहिले नव्हते. त्या रात्री शाळेच्या वह्या तपासायच्या सोडून आम्ही उमेदवारांची मते मांडत बसलो, अगदी त्यांच्यासारखीच, एकाखाली एक.