नांदुऱ्याचा हायवे

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर, नांदुरा आणि खामगाव एका रस्त्यानं जोडलंय. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३. सुरतेकडून धुळे, जळगावमार्गे तो इथं येतो. पुढं अकोला, नागपूर, रायपूर, संबलपूर करत पारादीपला जातो.

हा रस्ता कुणाचा, ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कळलं. कारखाने बंद, मजुरी बंद, खोलीभाडं थकलेलं. सुरत-मुंबईचे मजूर छत्तीसगड, ओडिशाकडे पायी निघाले. त्यातच २५ एप्रिलला रमजान सुरू झाला. रोज इफ्तारआधी अम्मी रस्त्याकडेला पाण्याची घागर आणि खजूर ठेवायची. कडेवर लेकरू घेतलेल्या एका बाईनं पाणी पिऊन एवढंच विचारलं, "अकोला किती दूर?" आम्हाला उत्तर देववेना.

जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिरही आहे. घरी चार पैसे असले तरी वाटेत जो रिकामा झाला, त्याचाही हक्क असतो. लहानपणी पाठ केलेलं हे तेव्हा उमगलं.

आज आमच्या मोहल्ल्यातली पोरंही कामासाठी याच रस्त्यानं सुरतेला जातात. अम्मीची घागर अजून दारात असते. म्हणते, "आपलं पोरही कुणाच्या तरी दारावरून जात असेल."