वऱ्हाडाचं कार्ड

कंपनीत मी कोडवाला. गेम कसा असावा हे डिझायनर ठरवतात, तो चालता करून देणं माझं काम. पगार वेळेवर होतो, त्यामुळे कुरकुरायला तोंड नाही. पण शत्रूने कुठे वळायचं ते लिहिताना मनात येतंच, मुळात त्याने वळावं तरी कशाला? मीटिंगमध्ये विचारलं की ‘ते आमच्यावर सोड’ असं गोड उत्तर मिळतं. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स कंपनीने 2020 मध्ये ‘राजी’ हा गेम आणला, तेव्हापासून तर ही खाज वाढलीच.

म्हणून सुट्टीत नगरला आलो (कागदोपत्री अहिल्यानगर, तोंडात नगरच) की स्वतःचा गेम घेऊन बसतो. तोही कार्डशीटवर, कॉम्प्युटर समोर आला की मी लगेच कोड लिहायला लागतो. विषय गावातलाच, भुईकोट किल्ला. 1595 च्या डिसेंबरात शाहजादा मुरादच्या मोगली फौजेने त्याला वेढा घातला, तटाखाली सुरुंग पेरले. किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीला सुगावा लागला. दोन सुरुंगांतली दारू तिच्या माणसांनी काढली, तिसरा काम चालू असतानाच उडाला आणि तटाला भगदाड पडलं. ती स्वतः तिथे उभी राहून लढली आणि रातोरात भगदाड बुजवून घेतलं.

माझा खेळ दोघांचा: एकाने कार्डांखाली चिंचोके दडवायचे, म्हणजे सुरुंग. दुसऱ्याने, म्हणजे किल्लेदाराने, आपले मजूर शोधायला लावायचे किंवा तटासाठी राखायचे. नववीतल्या भाच्याने सगळे तटावरच ठेवले. “मामा, शोधायचं कशाला? फुटल्यावर बांधू की!” हिशोब चोख होता. मग नियम बदलला: स्फोटात तटावरचे मजूर मरतात, परत मिळत नाहीत. पुढच्या डावात त्याने कार्ड उचललं, खाली चिंचोका निघाला. दारू काढायला दोन चाली लागतात आणि तेवढ्यात सुरुंग उडूही शकतो. पोरगं कार्ड हातात धरून बसलं, बहिणीने जेवायला हाका मारल्या तरी उठेना. माझ्या कोडवर असं कुणी अडून बसलेलं मी पाहिलेलं नाही.

घोडं शेवटाशी अडलंय. 1596 च्या सुरुवातीला तह झाला. वऱ्हाड प्रांत मोगलांना दिला, नगर वाचलं. म्हणून किल्लेदाराला वऱ्हाडाचं एक कार्ड दिलंय. ते टाकलं की डाव तिथेच थांबतो. फक्त त्याचे गुण किती कापायचे? भाचा म्हणतो पाच. मला ते फार स्वस्त वाटतं.