बांधावरचा मोह

फाल्गुन सरत आला की मुरबाडकडच्या धसईच्या परिसरात पहाटेच्या वाऱ्याला मोहाचा गोडसर, जड वास येतो. ठाकूर-कातकरी बायकांनी झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो. उजाडायच्या आत त्या टोपल्या घेऊन हजर होतात. एक फूल उचलून तळहातावर घ्यावं. पिवळसर पांढरं, मांसल, आतून पोकळ. चिमटीत दाबलं की बोटं रसाने चिकट होतात. उन्हात वाळलं की तेच तांबूस, सुरकुतलेलं होतं आणि कणगी रिकामी झाली की भाकरीच्या पिठाला जोड देतं.

आफ्रिकेच्या सवानातही असंच एक झाड आहे, शिया. मोहाच्याच कुळातलं, आपला चिकूही याच कुळातला. १७९६मध्ये मुंगो पार्क हा युरोपीय प्रवासी नायजर नदीकडे जाताना ते पाहून थबकला होता. तिथले शेतकरी रान मोडून शेत करतात, पण शियाला हात लावत नाहीत. गळलेली फळं बायका वेचतात. बिया उकडायच्या, वाळवायच्या, भाजून कुटायच्या, पाण्यात घुसळून वर आलेलं लोणी काढायचं. ते खायलाही आणि अंगाला लावायलाही. आज ते जगभरच्या क्रीममध्ये आणि चॉकलेटमध्ये जातं.

आपला मोह यात कुठे कमी पडतो? पावसाच्या तोंडावर फळं पिकतात. बिया फोडून, कुटून, वाफवून तेल काढतात. थंडीत ते तुपासारखं थिजतं. कालवणाला तेच, भेगाळलेल्या टाचांनाही तेच.

सरकारला मात्र मोहात फक्त दारू दिसली. १८९२मध्ये इंग्रजांनी खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर बंधनं घालणारा कायदा केला. ज्या फुलांवर गरिबाचं पोट भरत होतं, तीच घरात ठेवणं गुन्हा झाला. महाराष्ट्रात मोहफुलं वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठायला २०२१ साल उजाडलं.

आता कायदा सैल झाला, पण झाडंच जाताहेत. मुरबाड-शहापुरात शेतांचे प्लॉट पडताहेत, फार्महाउसं उठताहेत. इथे जमीन घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : कलमं खुशाल लावा, पण बांधावरचा मोह तोडू नका. आणि चैत्रात फुलं वेचायला येणाऱ्या बाईसाठी कुंपणाला एक वाट ठेवा. त्या झाडावर तिचा हक्क तुमच्या सातबाऱ्याहून जुना आहे.