ओम किती?

गाडीत सबवूफर बसवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते समृद्धी महामार्गावर. पुण्याहून गावी जाताना मी जालन्याजवळ समृद्धीवर चढतो आणि मेहकरला उतरतो. मधल्या पट्ट्यात गाडी शंभरच्या पुढे गेली, की गाण्यातला डग्गा गायब! शब्द येतात, बासरी येते, खालचं सगळं टायर खाऊन टाकतात. मला वाटायचं की गाडीबरोबर आलेले स्पीकरच फालतू आहेत. तसे ते आहेतच म्हणा. पण टायरचा आणि रस्त्याचा आवाज असतो मुख्यतः खालच्या पट्टीतला, आणि डग्गाही तिथेच राहायला. शेजारी इतका भांडकुदळ असल्यावर डग्गा कसा ऐकू येणार?

(गाव म्हणजे पातूर. अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागलात की घाट सुरू व्हायच्या आधी लागतं ते. टेकडीवर रेणुकामातेचं देऊळ, गावाजवळ जुनी लेणी. मी मेहकरकडून येतो, म्हणजे घाट उतरून गावात शिरतो. हा घाट पुढे कथेत येणार आहे, लक्षात असू द्या.)

खरं कारण अजून एक होतं, ते आधीच कबूल करून टाकतो. मला काकाजींना सिस्टीम दाखवायची होती.

माझ्या काकाजींचा तीस वर्षं माईकचा धंदा होता. लग्न, भागवत सप्ताह, गणपती, निवडणूक. आहुजाच्या मशिनी, पत्र्याचे भोंगे, आणि एक मोठी लोखंडी पेटी जिच्यावर बसायला आम्हा पोरांना सक्त मनाई. ‘मशीन’ म्हणजे अँप्लिफायर आणि भोंग्याच्या बुडाला असतं ते ‘युनिट’, हे मला अ आ इ च्या आधी कळलं असेल. प्रचाराच्या वेळी जीपच्या टपावर दोन भोंगे उलट-सुलट तोंडाने बांधायचे, आत १२ व्होल्टची बॅटरी, आणि गावोगाव फिरायचं. म्हणजे बघा, आपण ज्याला ऐटीत कार ऑडिओ म्हणतो तो आमच्या पातुरात माझ्या जन्माच्या आधीपासून होता. फक्त स्पीकर गाडीच्या बाहेर होते.

तर मी अभ्यासाला लागलो. आयटीवाल्याचा अभ्यास म्हणजे एक्सेल शीट. पंधरा सबवूफर, बारा अँप, प्रत्येकाचे वॅट, ओहम, किंमत. पहिल्याच आठवड्यात कळलं की खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो वाचायचाच नाही. आपल्या लहानपणी टू-इन-वनवर पी.एम.पी.ओ. नावाचा प्रकार असायचा, त्याचीच ही नातवंडं. बारा इंची सबवर १२०० वॅट लिहिलेलं, आत बारीक अक्षरात आर.एम.एस. ४०० वॅट. खरा आकडा तो. अँपच्या बाबतीत २००३ पासून अमेरिकेत सीईए-२००६ नावाचं एक मोजमाप आलं आहे: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आवाजातली विकृती १ टक्का किंवा त्याहून कमी, आणि मग सांगा किती वॅट. ज्या अँपवर हा शिक्का असतो त्याचा आकडा खोक्यावर छोटा दिसतो, आणि दुकानदार तो सहसा समोर काढून ठेवत नाही.

दुसरी गंमत डेसिबलची. पॉवर दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कानाला ‘जरासा वाढला’ इतकंच. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर! २०० आणि ४०० वॅटच्या अँपमध्ये किमतीत जो फरक आहे, तेवढा ऐकण्यात नाही. हे मी शीटमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तरी ४०० वॅटचाच घेतला. दोष कुणाला द्यायचा?

खोका मात्र मी बंद घेतला, भोक असलेला नाही. भोकवाला, म्हणजे पोर्टेड, तेवढ्याच वॅटमध्ये जास्त दणका देतो, पण आकाराने मोठा, आणि एका ठराविक सुराच्या आसपास फुगतो. बंद खोक्यातला डग्गा डग्ग्यासारखा वाजतो. शिवाय हॅचबॅकची छोटी केबिन खालच्या पट्टीला स्वतःच हातभार लावते. खोका किती लिटरचा हवा याचं गणितही तयार मिळतं. नेव्हिल थील नावाच्या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ मध्ये त्याची सुरुवात केली आणि पुढे रिचर्ड स्मॉलने ते पक्कं केलं. सबच्या माहितीपत्रकात जे क्यूटीएस, व्हीएएस वगैरे दिसतं ते या दोघांचं. इंजिनिअरिंगला शिकलेलं काहीतरी आयुष्यात पहिल्यांदा वापरतोय असं वाटून मला भरून आलं.

पुण्यातल्या एका दुकानात (नाव राहू द्या) एका रविवारी सगळं बसवलं. सब, अँप, खोका, वायरिंग मिळून बत्तीस हजार. दुकानदाराने बटण दाबलं, आरसे थरथरले, मी धन्य झालो.

आणि मे महिन्यात निघालो गावी.

मेहकरपर्यंत सगळं स्वप्नवत. डग्गा परत आला होता. मालेगाव ओलांडलं, दुपारचे दोन, बाहेर चव्वेचाळीस तरी असेल. पातूरच्या घाटात शिरलो आणि आवाज बंद. डिकी उघडून पाहिलं तर अँपवर लाल दिवा. हात लावला तर तव्यासारखा! पंधरा मिनिटं झाडाखाली थांबलो, परत चालू. पाच मिनिटं वाजला, परत लाल. अशा थाटात मी काकाजींच्या दारात पोचलो. ज्या सिस्टीमची त्यांना फोनवर महिनाभर जाहिरात केली होती, ती मुकी.

काकाजी बाहेर आले. धोतर नाही हो, ट्रॅकपँट. बासष्ट वर्षांचे आहेत. डिकीत वाकून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला,

“ओम किती?”

“सब चार-चारचा आहे काकाजी. दोन कॉइल आहेत.”

“अन् मशीन?”

मी अँपचं माहितीपत्रक मोबाईलवर काढलं. ब्रिज केल्यावर कमीत कमी ४ ओहम. दुकानदाराने दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या होत्या, म्हणजे झाले २. पुण्याच्या थंडीत (पातूरच्या मानाने मे मध्येही थंडीच) तो अर्धा तास चालला. वऱ्हाडात शरण आला.

“दोन युनिटं पॅरलल लावले अन् मशीन चारची. मंग तापनच ना लेका! हे तुमाले कालेजात नाई शिकवत?”

शिकवतात. तेच तर. दुसऱ्या सेमिस्टरला शिकवतात. काकाजींच्या मशीनच्या मागे ४, ८, १६ असे खिळे असायचे आणि भोंगे वाढले-कमी झाले की ते मनातल्या मनात हिशोब करून खिळा बदलायचे. मी मात्र वॅट बघत बसलो. एवढ्या मोठ्या शीटमध्ये सबचे ओहम एका रकान्यात होते आणि अँपचे दुसऱ्या. दोघांची गाठ मी कधी घातलीच नव्हती.

संध्याकाळी आम्ही दोघांनी कॉइल सिरीजमध्ये जोडल्या. चार आणि चार आठ. अँप आता अंदाजे निम्मी पॉवर देणार, म्हणजे तेच आपले ३ डेसिबल कमी. काकाजींनी अजून एक चूक काढली. बॅटरीवरून येणाऱ्या जाड वायरचा फ्यूज दुकानदाराने मागे अँपपाशी लावला होता. तो बॅटरीजवळ पाहिजे, फूट-दीड फुटाच्या आत. फ्यूज अँपला वाचवायला नसतो, वायरला असतो. मधे कुठे वायर घासून बॉडीला टेकली तर अख्खी बॅटरी त्यातून धावते, आणि फ्यूज मागे असेल तर तो बिचारा नुसता बघत बसतो. मी तसाच पाचशे किलोमीटर आलो होतो. यावर काकाजी काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग लावलं गाणं. त्यांच्याच आवडीचं, आशाबाईंचं एक जुनं. हे त्यांनी लग्नांमध्ये हजार वेळा तरी वाजवलं असेल, आधी तबकडीवर, मग कॅसेटवर. काकाजी पुढच्या सीटवर, डोळे मिटून. मी निकालाची वाट बघतोय.

“ढोलकी झकास.” मग थांबून, “पण बाई लय दूर उभी राहून गाऊन रायली जशी. अन् इथी मंजिऱ्या राहतेत. तुह्या गाडीत काहून नाई वाजल्या?”

मंजिऱ्या वाजत होत्या. मला स्वच्छ ऐकू येत होत्या.

पण तेव्हा मला तसं सुचलंच नाही. मी सवयीप्रमाणे बग शोधायला लागलो. बॅलन्स डावीकडे, उजवीकडे. फेडर. ट्वीटरला कान लावून पाहिला, दोन्ही चालू. सबचा आवाज कमी केला, कारण मोठा बेस वरच्या सुरांना झाकतो हे खरं आहे. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर आणला. परत गाणं. “नाई वाजल्या.” फोन बदलला. “नाई.” तिसऱ्यांदा मी मंजिऱ्यांच्या जागी बोट वर केलं, “काकाजी, आत्ता, ह्या बघा,” आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते माझ्या बोटाकडे बघत होते.

सिस्टीममध्ये काही बिघाड नव्हता.

काकू आतून म्हणाली, “ते कुकरची शिट्टी बी आइकत नाई आता.” सगळ्यांना माहीत होतं. मी वर्षातून तीनदा येतो, फोनवर बोलतो, आणि ते ‘हाव, हाव’ म्हणतात ते ऐकू येतंय म्हणून असं धरून चाललो होतो.

एक साधं गणित आहे, ते मी त्या रात्री गच्चीवर केलं. ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तास, ही कामगारांसाठी अमेरिकेच्या निऑश संस्थेने सांगितलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. भोंगा हा प्रकार फार कार्यक्षम असतो. माझा सब १ वॅटमध्ये, मीटरभर अंतरावर, ८६ डेसिबल देतो, तर भोंगा शंभराच्या वर जातो. म्हणून तर तीस-चाळीस वॅटच्या मशीनवर अख्खं गाव ऐकायचं. आणि त्या भोंग्याच्या सगळ्यात जवळ, सगळ्यात जास्त वेळ कोण असायचं? ३ डेसिबलचा तोच नियम. माझ्या शीटमध्ये तो ‘पैसे वाचवा’ या रकान्यात होता.

सोमवारी सुट्टी वाढवली आणि त्यांना अकोल्याला घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवून कान तपासले. जो आलेख हातात आला तो बघून मला हसावं की रडावं कळेना, कारण महिनाभर मी असेच आलेख बघत होतो. आडवी फ्रिक्वेन्सी, उभे डेसिबल. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स! २५० आणि ५०० ला जवळजवळ ठीक, २००० ला घसरण, ४००० ला खोल खड्डा, ८००० ला परत जरासं वर. हा ४००० चा खड्डा आवाजात काम केलेल्यांची सही असते, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. ढोलकी शाबूत होती. गेल्या होत्या त्या मंजिऱ्या, आणि शब्दांमधले स, श, त, फ.

आणि मग मी पुन्हा अँप निवडायला बसलो. श्रवणयंत्र म्हणजे दुसरं काय? माईक, अँप, स्पीकर. बहुतेकांमध्ये अँप क्लास डी, जो मी सबसाठी घ्यायला हवा होता, कारण तो तापत नाही. (डी म्हणजे डिजिटल नव्हे. सी नंतर डी येतो म्हणून डी.) माझ्या डिकीतला पूर्ण ताकदीने चाळीस-पंचेचाळीस अँपिअर ओढू शकतो, हा १.४ व्होल्टच्या गोळीएवढ्या सेलवर एक-दोन मिलिअँपिअरमध्ये भागवतो. इथेही खोक्यावरचा मोठा आकडा कामाचा नाही. कुठल्या पट्टीत किती वाढवायचं आणि कुठे थांबायचं, त्यावर सगळं. ५०० ला काही नको, ४००० ला भरपूर, आणि अचानक ताट पडलं तर कान फुटू नये म्हणून वरची मर्यादा. दोन कानांचे मिळून सबच्या दुपटीपेक्षा जास्त झाले. काकाजी नाही नाही म्हणत होते. बोनस अजून थोडा शिल्लक होता.

फिटिंग करताना कानातून बारीक शिट्टी वाजली. मॅडम समजावून सांगायला लागल्या, तर काकाजींनी हात वर केला.

“मॅडम, हा फीडबॅक हाय. माह्या धंद्यातलाच हाय. माईक भोंग्यापुढं आला.”

मॅडमनी कानातला रबराचा घुमट बदलून मोठा लावला. शिट्टी गेली.

परत येताना पातूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि तेच गाणं लावलं. काकाजी डोळे मिटून. मी यावेळी बोट वर केलं नाही. ती जागा आली, गेली.

“वाजल्या,” ते म्हणाले. मग डोळे न उघडताच, “पण लेका, तुह्या गाडीत मागं काईतरी खडखडून रायलं. इतके दिवस तुले आइकू नाई आलं?”

उतरून मागे गेलो. नंबर प्लेटचा एक स्क्रू ढिला होता.