मागील संदर्भ

वयाची पस्तिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी होण्यात एक प्रकारचा संकोच असतो. दिवसभर कचेरीत इतरांच्या अर्जांवर टिपणे लिहावीत आणि रात्री नोएडातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात स्वतःचा शोधनिबंध घेऊन बसावे, असा माझा सध्याचा क्रम आहे. विषय शोधायला मात्र दूर जावे लागले नाही. 11 सप्टेंबर 1803 रोजी जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला, ती दिल्लीची लढाई यमुनेच्या याच काठावर झाली. तिचे स्मारक नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे, आणि ‘गोल्फ कोर्स’ हे मेट्रोचे स्थानक मला रोज लागते.

निबंधाच्या आरंभी पूर्वसंशोधनाचा आढावा लागतो. मला ते काम अगदीच सोपे वाटले. फाइल साहेबांकडे पाठवताना मागील संदर्भ जोडण्यातच माझी बारा वर्षे गेली आहेत! मी त्याच रीतीने लिहीत गेलो: थॉर्न 1818, ग्रँट डफ 1826, कॉम्प्टन 1892, जदुनाथ सरकार 1950, प्रत्येकाला एक परिच्छेद. शिंद्यांची फौज एकोणीस हजार, हा आकडा दोनतीन ठिकाणी आढळताच मी ‘याविषयी ग्रंथकारांचे एकमत आहे’ असे ठोकून दिले.

मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारली. “हे एकमत आहे, की एकाच कागदाच्या नकला?”

मी ओशाळलो. कारण नकला म्हणजे काय, हे माझ्याइतके कोणास ठाऊक असणार? एका वार्षिक तक्त्यात खुर्च्यांची संख्या मी कित्येक वर्षे मागच्या तक्त्यावरून उतरवीत होतो. एकदा मोजायचा प्रसंग आला, तेव्हा निम्म्या खुर्च्या नाहीशा झालेल्या निघाल्या.

पुढचे तीन रविवार तळटिपांचा माग काढण्यात गेले. पहिला शोध माझ्याच लबाडीचा लागला: ग्रँट डफचे पान मी उघडलेच नव्हते, दुसऱ्याच्या तळटिपेवरून त्याचे नाव उचलले होते. मग तो एकोणीस हजारांचा आकडा मागे मागे नेत मी थॉर्नपाशी पोचलो. हा थॉर्न लेकच्याच सैन्यातला अधिकारी. म्हणजे जेत्याने पराभूताचा बांधलेला अंदाज मी अनेक साक्षीदारांची साक्ष म्हणून मांडला होता. अंदाज खोटा असेलच असे नाही. पण साक्षीदार एकच होता.

रँडॉल्फ कूपर यांच्या 2003 च्या ग्रंथाचीही मी अशीच उपेक्षा केली होती. मराठ्यांचा तोफखाना कमअस्सल नव्हता आणि पराभवाची कारणे निव्वळ इंग्रजी शिस्तीत शोधता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. शिंद्यांचा सेनापती पेराँ लढाईपूर्वीच इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता, आणि रणांगणावर होता तो बुर्क्याँ, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या म्हणण्याचे वजन कळते. कूपर आधीच्या ग्रंथकारांशी वाद घालीत होते आणि मी त्यांना मुकाट्याने रांगेत उभे केले होते! मी सगळे परिच्छेद मोडले. कोणी कोणाचे ऐकले, कोणी कोणाला खोडले, या क्रमाने नव्याने लिहिले. पाने निम्मी झाली.

बाईंनी ती वाचून मान डोलावली. मग सहज विचारले, “आणि तुमच्या मराठीत?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. रियासतकार सरदेसायांचे खंड वडिलांच्या कपाटात होते. लहानपणी मी त्यांच्यावर चढून वरच्या फळीवरचा लाडवांचा डबा काढीत असे. मोडी तर मला येतच नाही. आजोबांना येत होती.

त्याच रात्री वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “खंड आहेत रे, पण कसर लागली आहे. पाठवतो.”

पार्सल अजून आलेले नाही. आढाव्यात ‘मराठी साधने’ एवढे पेन्सिलीने लिहून खाली अर्धे पान कोरे ठेवले आहे.